मांडीवरचा ताप

सन २०२४ च्या मे महिन्यांत आमच्या हातून आमच्या नातवावर एक अन्याय घडला. घरांत चौदा माणसें. वडीलकीच्या नात्यानें मुलांस बोलण्याचे प्रसंग रोज येतात, आणि छत्तीस वर्षें शाळेंत घालविल्यामुळें असे प्रसंग नसले तरी ते निर्माण करण्याची संवय आम्हांस जडली आहे, असें घरांतील मंडळी म्हणतात. परंतु हा प्रसंग तसा नव्हता. तो एका यंत्राच्या उष्णतेवरून उद्भवला, आणि त्या उष्णतेचें मूळ शोधतां शोधतां तें आमच्याच बैठकीखालीं सांपडलें.

यंत्र म्हणजे लॅपटॉप. थोरल्या पुतण्यानें तो २०१९ सालीं घेतला. पुढें त्यास कचेरींतून दुसरा मिळाला, तेव्हां हा घरासाठीं राहिला. एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांची असते तिची निगा कोणाकडेच नसते, हें विहिरीच्या राहाटापासून चालत आलेलें आहे. सकाळीं आम्ही त्यावर वडिलांच्या मोडींतील दैनंदिन्या बालबोधींत उतरवून काढतों. दुपारीं आमची धाकटी सून आपलें काम करते. आणि संध्याकाळीं थोरल्या मुलाचा मुलगा त्यावर शाळेचा अभ्यास करतो, व अभ्यास झाला असें आम्हांस वाटण्याइतका वेळ लोटला म्हणजे खेळतो.

आमची बसण्याची जागा ठरलेली. माडीवर बंगई आहे, तिच्यावर कापसाची गादी, गादीवर सोलापुरी चादर, आणि चादरीवर आम्ही. लॅपटॉप कधीं मांडीवर. मांडी पोळूं लागली म्हणजे शेजारीं गादीवर. यांत गैर असें कांहींच आम्हांस वाटलें नाहीं, कारण यंत्राच्या नांवाचा विग्रह आम्हीं पहिल्याच दिवशीं करून ठेवला होता. लॅप म्हणजे मांडी, टॉप म्हणजे वरची बाजू. तेव्हां मांडीवर ठेवावयाचा तो लॅपटॉप, हें उघडच होतें. पाठशाळेंत आम्ही शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद शिकलों होतों व पुढें ते मुलांस शिकविलेहि. मंडप शब्दाचा अवयवार्थ घेऊं गेल्यास 'पेज पिणारा' असा होतो. म्हणून लग्नाच्या मंडपास कोणी पेज पाजीत नाहीं. लॅपटॉप हा शब्द ह्या मंडपाच्या पंक्तींत बसविण्याजोगा आहे, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें नाहीं. हीं यंत्रें करणाऱ्या कंपन्याच आपल्या माहितीपत्रकांत, यंत्र मांडीवर किंवा मऊ अंथरुणावर ठेवून वापरूं नये, टणक व सपाट जागीं ठेवावें, असें छापतात. तें पत्रक पांच वर्षें खोक्यांतच होतें.

आतां कोशाची हकीकत. आमच्याजवळ वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आहे. कोश प्रथम १८९० सालीं निघाला. आमची प्रत अर्थात् पुष्कळ अलीकडची, पण वडिलांच्या हातची. एप्रिलच्या अखेरीस एके दिवशीं संध्याकाळीं माडीवर येऊन पाहतों, तों नातवानें लॅपटॉपाच्या मागच्या कडेखालीं तो कोश आडवा घातलेला, आणि स्वारी खुशाल टकटक करीत बसलेली! पुस्तकास पाय लागला तर नमस्कार करावयाचा, हें ज्या घरांत मूल नीट बोलूं लागण्यापूर्वीं शिकतें, त्या घरांत कोशाचा असा उपयोग! "अरे, सरस्वती ती! तिच्यावर यंत्र ठेवतोस?" असें म्हणून आम्हीं कोश ओढून घेतला. "आजोबा, खालून हवा—" इतकें तो म्हणाला. "हवा खायची तर गच्चीवर जा," आम्ही म्हणालों. तो गप्प बसला. त्या दोन शब्दांत सगळें शास्त्र आलें होतें, आणि आम्हीं तें कोटी करून उडवून लावलें.

मे महिना उजाडला. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनीं काढला आहे त्यांस सांगणें नको. त्या वर्षीं मेच्या अखेरीस पारा ४५ अंशांपलीकडे गेला, आणि उष्म्यापायीं जिल्हाधिकाऱ्यांस जिल्ह्यांत १४४ कलम लावावें लागलें. नेमकी त्याच आठवड्यांत आमच्या सुनेची मुलाखत होती. ती गणितांत एम्. एस्‌सी. आहे. दूरच्या एका महाविद्यालयांत अध्यापकाची जागा होती, आणि मुलाखत लॅपटॉपावरूनच, दुपारीं तीन वाजतां, व्हावयाची होती. दोन मुलें, सणवार, सासूचें आजारपण ह्यांतून डोकें वर काढून सात वर्षांनीं तिनें केलेला हा पहिला अर्ज. सकाळपासून जेवणापर्यंत यंत्र आमच्याकडे, गादीवर, चार्जरला लावलेलें. तसेंच तापलेलें आम्हीं तिच्या हातीं दिलें. कूलरचा आवाज मुलाखतींत येऊं नये म्हणून तिनें तो बंद केला व दारें लोटून घेतलीं. दुसरा प्रश्न चालू असतां पडदा काळा झाला. पुन्हां सुरू करण्यांत आठ मिनिटें गेलीं; चार मिनिटांनीं तो पुन्हां काळा झाला. तिसऱ्या खेपेस पलीकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

सून खोलींतून बाहेर आली, स्वयंपाकघरांत गेली, आणि तिनें चहाचें आधण ठेवलें. ती कांहीं बोलली असती तर बरें झालें असतें. आम्हांस कोणावर तरी रागावणें भाग होतें, आणि रागावण्यास नातू जवळ होता. खेळून खेळून त्यानेंच यंत्र बिघडविलें असा निकाल देऊन, सुट्टी संपेपर्यंत लॅपटॉपास हात लावावयाचा नाहीं, अशी शिक्षा आम्हीं फर्माविली. आरोपीचें म्हणणें विचारलें नाहीं. मुलगा तेरा वर्षांचा. त्या वयास उलट उत्तरें चटकन् सुचतात. त्यानें एकहि दिलें नाहीं.

सत्य बाहेर आलें तें चौथ्या दिवशीं, तेंहि आमच्याच मांडीवर. बंदी कडक चालू होती, आमच्याखेरीज यंत्रास कोणाचा हात लागलेला नव्हता, आणि तरी दैनंदिनीचें एक पान अर्धें उतरलें असतां तें बंद पडलें. धोतर सारून पाहिलें तों मांडी लाल. (पुढें वाचनांत आलें कीं, रोज कित्येक तास लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर उठलेल्या डागांची हकीकत स्वित्झर्लंडांतील डॉक्टरांनीं २०१० सालीं 'पीडिॲट्रिक्स' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत छापली आहे. शेगडीशीं फार वेळ बसणाऱ्यांच्या कातडीस जें होतें तेंच हें.) आतां खेळाचा आरोप टिकेना. आम्हीं नातवास वर बोलाविलें.

"काय झालें असेल रे ह्याला?"

"आजोबा, तुम्ही रागावणार नाहीं ना?"

हा प्रश्न आम्हीं छत्तीस वर्षें किती मुलांच्या तोंडून ऐकला असेल! त्या दिवशीं तो प्रथमच आमच्या कानांत नीट शिरला.

त्यानें यंत्र उचलून टेबलावर ठेवलें, थंड होऊं दिलें, आणि एच्‌डब्ल्यूइन्फो नांवाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम त्यांत उतरवून घेतला. यंत्राचा जो मेंदू, म्हणजे प्रोसेसर नांवाची चिप, तिच्या पोटांतच बारीक तापमापक बसविलेले असतात. ते काय सांगतात तें हा प्रोग्राम आकड्यांनीं दाखवितो. आतांचें तापमान, किमान, कमाल आणि सरासरी, असे चार रकाने. शाळेंत असतांना किमान-कमाल तापमापकाच्या नोंदी आम्हीं मुलांकडून वर्षानुवर्षें ठेवविल्या. ते रकाने पाहतांच ओळखीचें माणूस भेटल्यासारखें झालें. पण आकडा वाचला मात्र, आणि छातींत धस्स झालें. कांहीं काम नसतांना, नुसतें उघडें असतां, ६४!

माणसास ३७ अंश शोभतात. ४० झाले कीं घरांत धांवाधांव. तेव्हां ६४ म्हणजे काय समजावें? आमच्या वहिनी जिन्यांतूनच म्हणाल्या, "भावजी, ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवा." फ्रिजमध्यें ठेवण्याचीहि एक सूचना आली. दोन्ही नातवानें हातवारे करून थोपविल्या, तें बरें केलें. फ्रिजांतून काढलेल्या भांड्यास बाहेरून घाम सुटतो, तसा ह्यास आंतून सुटला तर ताप उतरतांना रोगीच जावयाचा. यंत्राचा ताप माणसाच्या मापानें मोजूं नये, असें त्याचें म्हणणें पडलें. नुसतें बसून असतां ४० ते ५५, साध्या लेखनवाचनांत ५० ते ७०, जड कामांत ८०-९० पर्यंत जाणें, हें लॅपटॉपाच्या प्रकृतीस धरून आहे. इंटेल कंपनीच्या लॅपटॉपांतील पुष्कळशा चिपांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. आपल्या चिपेची नेमकी किती, तें निर्मात्याच्या पत्रकांत पाहावें. मर्यादेजवळ येतांच चिप आपण होऊन आपली गति आंखडून घेते. उन्हांत जुंपलेला बैल पाऊल हळू टाकूं लागतो आणि धन्यास वाटतें बैल आळशी झाला, तशांतला प्रकार. यंत्र अलीकडे संथ चालतें म्हणून आम्हीहि कुरकुरत होतोंच. तेवढ्यानें ताप उतरला नाहीं तर यंत्र स्वतः वांचण्यासाठीं वीज तोडून टाकतें. तें विचारीत नाहीं, सांगत नाहीं, लिहिलेलें जतन करीत नाहीं. मुलाखतींत घडलें तें हेंच.

प्रयोगाशिवाय विश्वास ठेवूं नये असें आम्हींच त्यास शिकविलेलें असल्यामुळें त्यानें प्रयोगहि केला. एक चलच्चित्र लावून यंत्र टेबलावर ठेवलें: कमाल ८८. तेंच बंगईवर गादींत ठेवलें: सहा मिनिटांत ९७, आणि त्या प्रोग्रामांत गति आंखडल्याची जी ओळ असते तिच्यापुढें 'नाहीं'चें 'होय' झालें. तो आमच्या तोंडाकडे पाहत नव्हता, आणि आम्ही त्याच्या.

इतक्यांत सून वर आली. मुलाखतीनंतर ती यंत्राजवळ प्रथमच येत होती. तिनें आकडे पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाली, "अण्णा, हें बेरजेचें गणित आहे. काम तेंच असेल आणि पंखा तेवढाच फिरत असेल, तर आंतली उष्णता बाहेरच्या हवेपेक्षां साधारण ठराविक अंशांनीं वर राहते. खोली २५ असतांना आंत ७५ असेल, तर खोली ४१ झाल्यावर आंत ९१ होणारच." स्थूलमानानें हें खरें आहे. यंत्र तापतें तें स्वतःच्या श्रमानें. निवतें तें भोंवतालच्या हवेच्या कृपेनें. आणि हवाच तापलेली असली तर ती कृपा कोठून करणार? बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत यंत्र वापरावें असें लिहितात. त्यांनीं अकोल्याचा वैशाख पाहिलेला नसावा. मुलाखतीच्या वेळीं कूलर बंद, खोली ४१, त्यावर चित्रसंभाषणाचें काम, त्यावर चार्जर, आणि त्यापूर्वीं चार तास गादी. सुनेनें हें सगळें बोटांवर मोजलें. गादीच्या वेळीं तिनें बोट पुढें केलें, पण नांव घेतलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही व नातू मिळून यंत्र बाजारांतील एका दुरुस्तीच्या दुकानांत घेऊन गेलों. दुकानदार तरुण मोठा सालस. तळाचें झांकण काढून त्यानें आम्हांस आंतली रचना दाखविली, आणि खरें सांगावयाचें तर आम्ही तींत रमून गेलों. चिपेवर तांब्याचा पत्रा दाबून बसविलेला असतो. दोहोंमध्यें सूक्ष्म फट राहूं नये म्हणून उष्णता वाहून नेणारा एक लेप लावतात. तो लेप वर्षानुवर्षांच्या तापानें वाळून खडूसारखा झाला होता. पत्र्यापासून एक चपटी तांब्याची नळी निघते. ती भरींव असेल अशी आमची कल्पना. पण ती पोकळ असते आणि तिच्यांत, हवेचा दाब अगदीं कमी करून, थेंबभर पाणी कोंडलेलें असतें. चिपेकडच्या टोकास पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाकडे जाते, तेथें थंड होऊन पुन्हां पाणी होते, आणि आंतल्या अस्तरांतून, दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें, मागें येते. वैद्यांच्या घरीं अर्क काढण्याचें जें यंत्र असे त्याचाच हा धाकटा भाऊ. फरक इतकाच कीं येथें अर्क कोणी पीत नाहीं, तोच पुन्हां पुन्हां उकळत राहतो. नळीच्या थंड टोकास फणीच्या दातांसारख्या पातळ पट्ट्या, आणि त्यांजवर वारा घालणारा पंखा. पंखा हवा घेतो तळाच्या भोंकांतून व सोडतो बाजूच्या किंवा मागच्या झरोक्यांतून. ह्या भोंकांस मराठींत चांगला शब्द नाहीं अशी तक्रार नातवानें केली, तेव्हां आमची पाळी आली. खिडकीस संस्कृतांत वातायन म्हणतात. वाऱ्याची जाण्यायेण्याची वाट ती वातायन. ज्या माणसास हा शब्द पन्नास वर्षें येत होता त्यानेंच रोज सकाळीं त्या वातायनांवर गादी दाबून धरावी, ह्यास काय म्हणावें!

पंखा आणि फणी ह्यांच्यामध्यें मळकट लोकरीसारखा एक थर जमला होता. दुकानदारानें तो चिमट्यानें धरून अखंड बाहेर काढला. अकोला हें कापसाचें गांव. आमची गादीहि सरकी काढलेल्या इथल्याच कापसाची. त्या थरांत धूळ होतीच, पण निम्मा ऐवज आमच्या गादीचा होता. नातू पोट धरून हंसला, आणि चार दिवसांनंतर त्याचें हंसणें ऐकून आम्हांसहि बरें वाटलें. फुंकर घालतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, नाहींतर तो वाऱ्यानें गरगर फिरून बिघडतो, एवढी युक्ति त्या तरुणानें सांगितली. नवा लेप, सफाई, मजुरी मिळून आठशें रुपये झाले. त्यानें मागितले असते तर हजारहि दिले असते.

बॅटरीची गोष्ट निराळी. चिप ९० सोसते, बॅटरी सोसत नाहीं. लिथियमच्या बॅटऱ्या ४५ अंशांवर चार्ज करूं नयेत असा साधारण दंडक आहे, आणि पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेंत पडून राहिली म्हणजे लवकर म्हातारी होते. आमच्या यंत्रांत ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय होती. ती कोणीं उघडूनहि पाहिली नव्हती. तळ फुगलेला दिसला, किंवा बोट फिरविण्याची पट्टी वर उचलल्यासारखी वाटली, तर मात्र यंत्र त्याच क्षणीं बंद करून बॅटरी बदलून घ्यावी. गृहिणींनीं येथें काटकसर करूं नये. पंख्याच्या भुणभुणीस आम्ही पूर्वीं कंटाळत होतों. आतां यंत्र गरम असून पंखा गप्प असला तर आम्ही उठून बसतों.

घरीं आल्यावर आम्ही माळ्यावर चढलों. तेथें पंक्तीचे जुने शिसवी पाट आहेत. टेबलें आल्यापासून ते कोणी काढीत नाहीं. त्यांतला एक आम्हीं पुसून काढला, सुताराकडून त्यास मधोमध भोंकें पाडून घेतलीं, मागचे दोन पाय उंच करून घेतले, आणि नातवापुढें ठेवला. "हा तुझ्या यंत्राचा. कोशापेक्षां बरा," एवढेंच आमच्या तोंडून निघालें. चूक झाली हे शब्द त्याच्याजवळ उच्चारावे म्हणून आम्हीं पुष्कळ बळ केलें. ते आले नाहींत. त्यानें पाट उलटासुलटा करून पाहिला आणि भोंकें आणखी चार हवीं होतीं असें सांगितलें. तीं पाडून आणलीं.

सुनेजवळ मात्र बोललों. त्या महाविद्यालयाचें पत्र आलें नव्हतें, आणि येणारहि नव्हतें. रात्रीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभे राहिलों आणि म्हणालों, "सूनबाई, मुलाखत बुडाली ती आमच्यामुळें. यंत्र आम्हीं तापवून दिलें." ती ओटा पुसत होती. "अण्णा," ती म्हणाली, "दहा मिनिटें अगोदर मीहि तें पलंगावरच ठेवलें होतें." हें खरें होतें, कीं आम्हांस बरें वाटावें म्हणून ती म्हणाली, तें आम्हीं विचारलें नाहीं. पुढें दिवाळीनंतर तिनें घरूनच मुलांस लॅपटॉपावरून गणित शिकविण्यास आरंभ केला; आज तिचे अकरा विद्यार्थी आहेत. दुपारीं तीन ते पांच ह्या वेळांत यंत्र तिचें, खोली तिची, आणि कूलरहि तिचाच. आवाज आला तर मुलें सहन करतात. जागेची जाहिरात आली तर ती पुन्हां अर्ज करील, असें तिनें आमच्या मुलास सांगितल्याचें कानांवर आहे.

आम्हीं एक वही घातली आहे. दिनांक, वेळ, खोलीचें तापमान, आंतलें किमान व कमाल, आणि शेवटच्या रकान्यांत गति आंखडली किंवा नाहीं. पहिल्या पानावर नुसतें उघडें असतां ६४ आहे. सफाईनंतर आणि पाटावर तेंच ४७ झालें. पूर्वीं जें ९७-९८ होई तें आतां सुनेचा वर्ग चालू असतांहि ७८ ते ८४ च्या दरम्यान राहतें. सन २०२५ च्या मे महिन्यांत एकदांच ९० च्या वर आकडा गेला. तपास करतां असें निघालें कीं पाटावर वहिनींनीं क्रोशाचा रुमाल अंथरला होता. दर सहा महिन्यांनीं झरोके साफ करावयाचे, तें कार्तिकांत आणि चैत्रांत करतों, म्हणजे विसर पडत नाहीं.

दुपारीं आम्ही वामकुक्षी करतों तेव्हां नोंद नातू करतो. कालची त्याच्या अक्षरांत आहे: दुपारीं ३-३०, खोली ३७, आंत कमाल ८१, गति आंखडलि — नाहीं. त्यानें 'आंखडली' ऱ्हस्व लिहिली आहे. आम्हीं तांबडी शाई काढली होती, ती परत ठेवली.